विजेची गाडी आणि क्वाकआज्जींचं पोट

“गाडीचं ऐकत जा. बिघडायच्या आधी ती बोलते,” मालसुनचा नवरा तिला टॅक्सी शिकवताना सांगायचा. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली; मालसुनने टॅक्सी सोडली नाही आणि ऐकणंही. पण ही नवी विजेची गाडी बोलायलाच तयार नव्हती. गांगनुंग शहरातल्या गॅसपंपाच्या आवारात ती मुकाट उभी होती आणि तिच्यापुढे पाटावर डुकराचं उकडलेलं मुंडकं हसत होतं.

नव्या गाडीची पूजा होती. विजेच्या गाडीची पूजा, आणि ती गॅसपंपावर! पण मालसुनची सगळी माणसं इथलीच.

“माझ्या पोटावर पाय, आणि वर माझ्याच दारात नैवेद्य?” पंपाचा मालक हाम म्हणाला. म्हणाला खरा, पण रिवाजाप्रमाणे मुंडक्याच्या तोंडात पहिली नोट त्यानेच खोचली.

मालसुन हात जोडून वाकली, मग चारी चाकांवर तांदळाची दारू ओतू लागली.

“ताई, जपून! बॅटरीला चढली तर गाडी सरळ चालायची नाही,” छोन ओरडला. त्याचा जन्म गॅसच्या टॅक्सीत गेलेला. “थंडीत बघा, चार्जिंग कसं भसाभस उतरतं ते. गॅसचं बरं, कॉफी संपायच्या आत टाकी भरते.”

“आणि डिकीत ती टाकीच झोपलेली. गिऱ्हाइकाची बॅग काय डोक्यावर घेतोस?” मालसुन म्हणाली.

“भांडा, भांडा,” हाम म्हणाला. “उद्या हायड्रोजनवाले आले की दोघंही गळ्यात गळे घालून रडाल.”

“आणि तुम्ही, हामशेठ?”

“मी कॉफी विकीन.”

सगळे हसले. मालसुनही हसली, पण तिचं मन क्वाकआज्जींकडे होतं. दर चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आज्जी तांदूळ घेऊन डोंगरावरच्या बुद्धाला जायच्या, मालसुनच्याच टॅक्सीतून. बस तिथं जात नाही. मध्यंतरी त्या दुसऱ्या कुणाच्या विजेच्या टॅक्सीत बसल्या आणि वाटेत उलट्या करून बेजार झाल्या. “आता देऊळ सुटलं तरी चालेल, पण त्या गाडीत बसायची नाही,” असं म्हणाल्या होत्या. त्यांचा नेम आपल्या गाडीपायी मोडावा, हे मालसुनला सोसवेना. ती त्यांना म्हणाली होती, “एकदाच बसून बघा. पोट ढवळलं की गाडी तिथंच ठेवीन, तांदूळ पाठीवर घेईन. चालत जाऊ दोघी.”

“तुझे गुडघे माझ्याहून म्हातारे,” आज्जी म्हणाल्या होत्या. पण हो म्हणाल्या. उद्याच पहिला दिवस.

“छोनभाऊ, मागं बसतोस का? आज्जी म्हणून. जरा सराव करते,” मालसुन म्हणाली.

छोनने लगेच डोक्यावरून टॉवेल घेतला. “सावकाश गं बाई, चार नातवंडांची आज्जी आहे मी!”

पहिल्याच फेरीत तो पुढच्या सीटवर आदळला. जुनी गाडी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की आपली घरंगळत जायची. ही पाय उचलला की स्वतःच ब्रेक लावल्यासारखी थबकत होती. मालसुनचा पाय जुन्या सवयीचा.

“मेले! मेले!” मागून आरोळी.

“पाय उचलू नकोस, सैल सोड,” खिडकीशी चालत हाम सांगू लागला. “वाफेच्या पातेल्यावरचं झाकण काढतो तसं, जरा जरा.”

फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. मागचा आरडाओरडा कमी होत गेला, मग थांबलाच. मालसुनने आरशात पाहिलं. टॉवेल नाकावर आलेला, छोन घोरत होता.

“गॅसवाला विजेच्या गाडीत झोपला!” हाम टाळ्या पिटू लागला.

“झोपलो कुठं? बुद्धाचं नाव घेत होतो.”

सगळे पांगल्यावर हाम हळूच म्हणाला, “आता कशाला येशील तू इकडे?”

“कॉफी प्यायला.”

“ती गॅस भरणाऱ्यांना फुकट असते.”

“मग विकत घेईन.”

स्वच्छच असलेली गॅसची नळी हाम पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मालसुनने उदबत्ती लावली, नमस्कार घातले. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधले. चालायची वेळ आलीच तर म्हणून कापडी बूट आणि तांदळाचं पोतं पाठीला बांधायचा लांब पट्टा शेजारच्या सीटवर ठेवला. मग गाडी गल्लीबाहेर काढून ती क्वाकआज्जींच्या घराकडे निघाली.