माझ्या दुमडलेल्या कडेत राहणारी मुलगी

“मॅडम, आमची वस्ती या नकाशात का नाही?”

हा प्रश्न थेट आमदार मॅडमना विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी त्या मुलीशी पैज लावली होती. नागरिकशास्त्राच्या बाई वर्गाला आमदार कार्यालय दाखवायला घेऊन आल्या होत्या. मुलीने प्रश्न विचारून पैज जिंकली. पण तिला पैजेपेक्षा उत्तर हवं होतं. तिची वस्ती नदीपलीकडे, शाळा अलीकडे आणि मधे पूल नाही. पाणी चढलं की होडी बंद. म्हणून पुढच्या वर्षी तिला शहरात मावशीकडे पाठवायचं घरी ठरलं होतं.

मित्रांनो, तो नकाशा म्हणजे मी. या मतदारसंघाचा जुना भिंतीवरचा नकाशा.

मतदारसंघाच्या हद्दी नव्याने आखल्या, तेव्हा माझी छपाई झाली. तपकिरी डोंगर, निळी नदी आणि सगळ्याला वेढणारी लाल रेघ. काय रुबाब होता माझा! पण कार्यालयात कपाट आणि खिडकी यांच्यामधे मी मावेना. तेव्हाचे कारकून चौकटवाल्याला म्हणाले, “चार बोटं दुमड रे. नदीपलीकडे आहेच काय?” त्याने दुमडलं.

मग माझे कामाचे दिवस आले. नळ आला की निळी टाचणी, रस्ता झाला की काळी. पाहुणे म्हणत, “वा, अख्खा मतदारसंघ तळहातावर!” मी फुगून जायचो. दर निवडणुकीला नदी ओलांडून मतं यायची. टाचण्या मात्र कधीच पलीकडे गेल्या नाहीत. हळूहळू माझा रंग विटला, धूळ बसली, माझ्याकडे कुणी बघेनासं झालं.

आणि त्या दिवशी ही मुलगी.

मॅडमचे मदतनीस हसले. “अगं बाळ, नीट बघ. भिंग आणून देऊ का?”

“भिंग नको, काका. ही लाल रेघ बघा. इथे वर चौकटीत घुसते, ती थेट तिथे खाली बाहेर येते. मधल्यामधे कुठे फिरून येते?”

मॅडम खुर्चीतून उठल्या. मला खाली उतरवलं, चौकट उघडली. माझी दुमडलेली कड उलगडली. तिच्यावरचे रंग अजून कोरे करकरीत होते. तीन वस्त्या, एक टेकडी, आणि टाचणी एकही नाही.

मॅडम हळूच म्हणाल्या, “मी इथून दोनदा निवडून आलेय.”

“आमच्याकडूनसुद्धा,” मुलगी म्हणाली.

मागे उभ्या मैत्रिणींपैकी कुणीतरी तिला चिमटा काढला. मॅडमनी येत्या अधिवेशनात पुलाचा प्रश्न मांडायचा शब्द दिला. भिंतीसाठी नवा नकाशा मागवला. मला त्या मुलीने मागून घेतलं.

मित्रांनो, नकाशाला जपायचं म्हणजे नुसती धूळ झटकायची नाही. त्याच्या कडा उलगडून बघा. तिथेही माणसं राहतात.

आता मी तिच्या घरी पुरता उलगडून टांगलेला आहे. मला खिळे ठोकून झाल्यावर तिचे बाबा म्हणाले, “झालं ना समाधान? आता मावशीला कळवतो.”

ती स्टुलावरून उतरली.

“आई, बाबा, मी मावशीकडे जाणार नाही. पूल होईपर्यंत होडीने जाईन. पाणी चढलं की मैत्रिणीकडे राहीन, तिच्या आईला विचारून आलेय. आणि दर सोमवारी शाळा सुटली की मॅडमच्या दारात उभी राहून विचारणार, पूल कुठवर आला.”