एकच हरकत

ठमी हे तिचं घरातलं नाव. ऑफिसात सगळे तिला मॅडम म्हणत. सरकारी प्रयोगशाळेत लागलेले शोध बाहेरच्या कंपन्यांना कोणत्या अटींवर द्यायचे, त्याचे मसुदे ती अकरा वर्षं लिहीत होती. काम हातात इतकं बसलेलं, की करारातला चुकीचा स्वल्पविराम तिला चष्म्याशिवाय दिसायचा. पण गेले पंधरा दिवस तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञांनी नऊ वर्षं खपून एक संयुग तयार केलं होतं. एका आजारात मेंदूच्या पेशींना सूज येते आणि माणसाची आठवण, बोलणं, चालणं एकेक करून निसटत जातं. उंदरांमध्ये ही सूज त्या संयुगाने उतरली होती. माणसांवर चाचण्या करणं मात्र प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचं होतं, त्यासाठी कंपनीच हवी. आली ती एकच, आणि तिला हक्क एकटीला हवे होते. तेही एक वेळ चाललं असतं. घोडं अडलं एका कलमावर. ठमीने लिहिलं होतं, दोन वर्षांत माणसांवरची चाचणी सुरू झाली नाही, तर संयुग सरकारकडे परत येईल. कंपनीच्या वकिलाने ते खोडून 'रास्त प्रयत्न करू' एवढंच घातलं होतं. त्याच आजारावरची त्याच कंपनीची जुनी गोळी बाजारात जोरात चालत होती. नवं घ्यायचं आणि कपाटात कुलूप लावून ठेवायचं, असा बेत असला तर? पुरावा काही नव्हता. नुसती मनात पाल चुकचुकत होती.

विभागप्रमुखांनी तिचं ऐकून घेतलं. कंपनी हातची गेली तर दुसरी येणार नाही, ही त्यांची धास्ती. एकाच कंपनीला हक्क द्यायचे आहेत अशी जाहीर नोटीस निघालीच आहे, ते म्हणाले. पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतली, तर कलम समितीपुढे नेता येईल. नाही घेतली, तर वकील म्हणतो तसं करून मोकळं व्हायचं.

तेरा दिवस गेले, चौदावा गेला. एकही कागद आला नाही.

आणि एक गोष्ट ठमीने कोणालाच सांगितली नव्हती. तिच्या दादाला तोच आजार होता. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा, तीस वर्षं. आता तो घरातली बटणांची फळी उघडायचा, सगळ्या तारा सुट्या करायचा आणि पुढे काय करायचं ते न आठवून तिथेच उभा राहायचा. फाईलशी घरच्या कोणाचा संबंध असेल तर तसं लिहून द्यावं, असा नियम होता. सुरुवातीला तिला वाटलं, आजार म्हणजे काही संबंध नव्हे. मग वाटलं, लिहून दिलं तर फाईल काढून घेतील, आणि त्या कलमासाठी भांडणार कोण? असं करत ते रोज उद्यावर गेलं.

पंधराव्या दिवशी, दुपारच्या टपालात एक पाकीट आलं. अक्षर तिने बघताक्षणी ओळखलं. ते वहिनीचं होतं.

एक पान, सुवाच्य. औषध लोकांच्या पैशातून झालेलं आहे, तर ते पडून राहणार नाही अशी मुदत परवान्यात असावी. 'रास्त प्रयत्न' म्हणजे काय हे कोणी सांगेल का? खाली सही, आणि ठमीचंच आडनाव. वकिलाचे ते दोन शब्द ठमीनेच महिन्याभरापूर्वी वहिनीच्या स्वयंपाकघरात, वैतागाच्या भरात, बोलून टाकले होते.

तिने जिन्यात जाऊन फोन लावला.

"वहिनी, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"माझी नोकरी जाईल गं."

वहिनी म्हणाली, "ते माझ्या ध्यानात आलं नाही. फाडायचं असेल तर फाड. मी कोणाला बोलणार नाही. पण नोटीस सगळ्यांसाठी आहे ना? मग मी सगळ्यांतली नाही का?"

ठमी टेबलाशी येऊन बसली. पत्र खणात ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. नोंदवलं तर नातं उघड होणार, ऑफिसातली गोष्ट बाहेर गेल्याचंही. नाही नोंदवलं तर पाच वाजता हरकतींचा रकाना कोरा जाणार. पर्समध्ये घातलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता.

पाचला वीस मिनिटं असताना तिने आवक रजिस्टर ओढलं, पत्राला क्रमांक दिला आणि ते घेऊन प्रमुखांच्या खोलीत गेली.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "आडनाव तुमचंच आहे."

"माझी वहिनी आहे. दादाला हाच आजार आहे. मी हे आधीच लिहून द्यायला हवं होतं."

"आणि वकिलाचे शब्द यांना कुठून कळले?"

"माझ्याकडून."

प्रमुखांनी खिडकीकडे बघितलं. "नोंदवलंत?"

"हो."

"मग आता ते तुमच्या हातात नाही, आणि माझ्याही नाही."

दुसऱ्या दिवशी फाईल शेजारच्या टेबलावर गेली. ठमीकडून लेखी खुलासा मागवला, सेवापुस्तकात ताकीद चढली आणि तिला मोजमापाच्या यंत्रांचे करार दिले. नोकरी वाचली. पण हरकत समितीपुढे गेली आणि कंपनीने तीन आठवडे कसलंच उत्तर दिलं नाही. ते दिवस तिला खुलाशापेक्षा जड गेले. कंपनी पळाली, तर दादासारख्या हजारो माणसांचं औषध आपल्या हट्टापायी गेलं, हा विचार तिला घास गिळू देईना. शेजारचा सहकारी ती उठली की स्क्रीन वळवून घ्यायचा. त्याचंही चूक नव्हतं.

शेवटी कंपनीने सही केली. मुदत राहिली, फक्त दोनाची अडीच वर्षं झाली. ती संपायला जेमतेम चार महिने उरले असताना चाचणी सुरू झाली. आजार नुकताच सुरू झालेल्यांनाच तीत घेणार होते. दादा केव्हाच त्याच्या पुढे गेला होता.

हे सांगायला ती रविवारी घरी गेली. वाटेत तीनदा वाक्य जुळवलं आणि तीनदा मोडलं. वहिनी दादाची नखं कापत होती. ठमीने कसंबसं सांगून टाकलं, तरी तिने मान वर केली नाही.

"हे त्यात बसणार नाहीत, ते मला पत्र लिहितानाच माहीत होतं," ती म्हणाली. "आता कळायला किती वर्षं लागतील?"

"चार. पाचही लागतील. आणि लागू पडेलच असं नाही."

"बरं," वहिनी म्हणाली, आणि तिने दादाचा दुसरा हात मांडीवर घेतला.