तळाचा थर

मित्रांनो, चिखलीच्या एका स्वयंपाकघरात मी सात वर्षे पाहुणा म्हणून राहिलो. मी काचेचा जुना वाडगा आहे, खोल आणि जाड. माझ्यात काय आहे ते लपत नाही, आणि माझा स्वभावही तसाच आहे. म्हणून जे घडलं ते सरळ सांगतो.

माझं खरं घर शेजारच्या सिंधूताईंचं. एका उन्हाळ्यात त्यांनी माझ्यातून पुष्पाबाईंकडे दहीवडे पाठवले. ते तासाभरात संपले. मी घासूनपुसून तयार झालो, पण आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. पुष्पाबाईंना माझ्यातून काहीतरी झकास पाठवायचं होतं. आज नुसती वांग्याची भाजी आहे, पुरणपोळी केली की देऊ, असं म्हणता म्हणता वर्ष गेलं आणि एक दिवस सिंधूताईच गेल्या. मग लाजेपायी मला वरच्या फळीवर सारलं गेलं. माझ्यात रबरबँड, तुटकी बटणं आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या साठल्या. मला फार वाईट वाटे. मला घरी जायचं होतं.

परवा पुष्पाबाईंच्या धाकट्या छकुलीचा वाढदिवस होता. थोरली प्रेरणा मोबाइलवर पाहून थंडगार थरांचं डीप करणार होती. थर दिसायला काच हवी, म्हणून तिने मला खाली काढून, रिकामा करून घासलं. तळाला घोटलेला राजमा, त्यावर चक्का, मग कोथिंबिरीची चटणी आणि वर बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो. काम दहा मिनिटांचं. ज्वारीच्या पापड्या त्यात बुडवून खायच्या होत्या. मी खुशीत फ्रिजमध्ये बसलो.

दार बंद झालं. थोड्या वेळाने माझ्या तळाशी चमचा घासल्याचं मला जाणवलं. चमचा दिसत नव्हता. तो सावकाश, पुन्हा पुन्हा फिरत होता.

दुपारी प्रेरणाने मला बाहेर काढलं. वरचे तीन थर जागच्या जागी होते. त्यांच्याखाली मात्र बोटभर पोकळी होती आणि तळ चाटूनपुसून स्वच्छ.

"आई, खालचा राजमा कुठी गेला व?"

पुष्पाबाईंनी मला पाहिलं आणि लगेच ओळखलं. "तुले हाच वाडगा भेटला का? सिंधूताईचा हाय तो. सगळ्यायचं जेवण झालं का तळचं खाय ती बाई. माह्याकडून भरून द्याचा राह्यला."

"मंग आता?"

"आता नेऊन देऊ."

उरलेला राजमा घालून सगळे थर पुन्हा लावले गेले. छकुलीच्या मैत्रिणींना चिवड्यावर भागवावं लागलं.

सिंधूताईंचे यजमान भगवानराव आता एकटेच राहतात. त्यांनी दार उघडलं आणि ते बाजूला सरकले. "या वयनी. कपाटात ठेवा, जागा हाय त्याची."

कपाटात सगळीकडे धूळ साचली होती. फक्त माझ्या बुडाएवढी एक गोल जागा पुसलेली होती, आणि ती अजून ओली होती.

"रोज पुसते ती," भगवानराव म्हणाले.

पुष्पाबाईंच्या हातातून मी सुटलो, पण पडलो नाही. कुणीतरी मला अलगद खाली टेकवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी शेजारचं एखादं भांडं पडून असेल, तर आज जे शिजलं असेल तेच घालून आजच परत करा. वरण असो, भात असो, चालतं. पक्वान्नाची वाट पाहत बसू नका. फार उशिरा गेलात, तर भांडं घेणारे हात गार झालेले असतात.