भीमराजचं लाल कुलूप

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गेल्या बावीस वर्षांत एकही माणूस जिन्यावरून पडला नाही. याचं श्रेय जिन्याला नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या भीमराजला आहे. त्याने प्रत्येक पायरीच्या कडेला स्वखर्चाने पिवळी पट्टी मारली होती. पट्टी ओली असताना पाय ठेवून आमच्यापैकी तिघं घसरले, पण ते पट्टी मारण्याच्या आधीच्या हिशोबात धरायचे, असं त्याने ठरवून टाकलं.

भीमराज भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. माणसं सकाळी जशी आत आली तशीच संध्याकाळी बाहेर पडली पाहिजेत, एवढंच त्याचं काम. संध्याकाळी पावणेसातला तो घरी यायचा आणि चपला काढायच्या आधी विचारायचा, "सगळे आहेत?" बायको राधा, मुलगा सम्यक, मुलगी प्रियंका आणि तो स्वतः. चार भरले की मग चहा.

दर तीन महिन्यांनी एका रविवारी तो घरातच भोंगा वाजवायचा. आग लागली आहे असं समजून चौघांनी खाली यायचं आणि पंपाच्या खोलीजवळ त्याने रंगवलेल्या हिरव्या गोलात उभं राहायचं. तिथे पुन्हा मोजणी. एकदा राधावहिनी पोळ्या सोडून आल्या नाहीत, तर याने खालून ओरडून विचारलं, "राधा, तू जळालीस का?" वरून उत्तर आलं, "मी नाही, पोळी जळाली! तुमच्यामुळे!" अख्ख्या सोसायटीने ऐकलं.

मी त्याची खूप थट्टा केली. त्याने ती सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि माझ्या गॅसची नळी बदलली.

वहिनींनी एकोणतीस वर्षं पालिकेच्या शाळेत उभ्याने शिकवलं. निवृत्तीच्या दिवशी भीमराजने विचारलं, "काय पाहिजे?" त्या म्हणाल्या, "मला आता बसायचंय. आणि नुसतं बसायचं नाही, हलत बसायचंय." आठवड्याभरात कुर्ल्याहून सागवानी फळी आली, कड्या आल्या, हॉलच्या छताला दोन हूक लागले. झोपाळा झकास झाला. वहिनी बसायला गेल्या, तर हा म्हणाला, "थांब. हुकांची चाचणी बाकी आहे."

आणि त्याने फळी उभी करून भिंतीला टेकवली, कड्या एकत्र बांधल्या आणि त्यांना कारखान्यातलं लाल कुलूप घातलं. कुलपाला टॅग: धोका. काम चालू आहे. हे कुलूप लावणाऱ्याशिवाय कुणीही काढू नये. नाव: भीमराज.

कारखान्यात यंत्राच्या पोटात शिरणारा माणूस बाहेरच्या स्विचला असं स्वतःचं कुलूप लावतो. ते त्यानेच काढायचं, मालकानेही नाही. भीमराज उमेदवारी करत होता तेव्हा एका कारखान्यात कुणीतरी घाईत दुसऱ्याचं कुलूप तोडलं, स्विच दाबला, आणि आतला माणूस घरी गेला नाही. त्या दिवसापासून या एका नियमाच्या बाबतीत त्याच्याशी कुणी विनोद करत नसे. मीसुद्धा.

कुलूप लावल्यानंतर नवव्या दिवशी भीमराज गेला. हृदयविकार, दवाखान्यात, झोपेत. कुणाचाही निष्काळजीपणा आढळला नाही, ही गोष्ट त्याला आवडली असती.

झोपाळा तसाच राहिला. वर्षभर वहिनी त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहा प्यायच्या. सम्यक एकदा कटर घेऊन आला.

"आई, दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावून बघ."

"अगं, पप्पांनी तुझ्यासाठीच केला ना तो?"

"नियमही त्यांनीच केला ना?"

झोपाळ्यावर बसायची त्यांची इच्छा अजून तेवढीच होती, हे मला माहीत होतं. येता-जाता त्या फळीवरची धूळ पुसायच्या. पण कुलूप दुसऱ्याने काढायचं म्हणजे लावणारा आता यायचा नाही असं धरायचं, आणि ते त्यांना जमत नव्हतं.

पहिल्या स्मृतिदिनाला आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, आठवणी सांगून झाल्या. त्यातल्या निम्म्या पिवळ्या पट्टीच्या होत्या. खीर वाढणार, एवढ्यात कारखान्यात भीमराजच्या जागी आलेला नंदकिशोर उभा राहिला. त्याच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर होतं.

"जयभीम, वहिनी. सम्यकने मला कुलपाचं सांगितलं. लावणारा माणूसच नसेल तर काय करायचं, याचा एक फॉर्म आहे. साहेबांनीच बनवलेला. तीन प्रश्न आहेत. भरू या?"

वहिनींनी फॉर्मवर नजर फिरवली. अक्षर ओळखीचं होतं. "वाच," त्या म्हणाल्या.

"एक. कुलूप लावणारी व्यक्ती आवारात नाही, याची प्रत्यक्ष फिरून खात्री केली का?"

"आवार कुठपर्यंत?"

"गेटपर्यंत, लिहिलंय."

"मग चला."

वहिनी निघाल्या, मागे आम्ही बाराजण. त्यांनी गॅलरी बघितली. स्वयंपाकघरात सिलिंडरवर तारखेची चिठ्ठी होती. मोरीतल्या रबरी चटईवर त्या क्षणभर थांबल्या. मग पिवळ्या पट्ट्यांवरून एकेक पायरी खाली. वॉचमनने गंभीरपणे विचारलं, "क्या ढूँढ रहे हो?"

शेवटी वहिनी पंपाच्या खोलीजवळच्या हिरव्या गोलात जाऊन उभ्या राहिल्या. सम्यक आणि प्रियंका न सांगता आपापल्या जागी आले. वहिनींनी बोट करून मोजलं. सम्यक, प्रियंका, त्या स्वतः. पुन्हा एकदा मोजलं.

"तीन," त्या म्हणाल्या. "एक कमी."

प्रियंकाने त्यांचा हात धरला. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि नंदकिशोरकडे वळल्या.

"लिही. आवारात नाहीत."

वर येईपर्यंत त्यांचा आवाज पूर्ववत झाला होता.

"दोन. संपर्क साधण्याचे सर्व प्रयत्न केले का?"

"रोज. सकाळी आणि चहाच्या वेळी."

"उत्तर?"

"नाही आलं. पण ते जिवंतपणी तरी कुठे फोन उचलायचे? चालताना बोलणं धोक्याचं म्हणे."

नंदकिशोरने ते सगळं लिहून घेतलं. मग तो अडखळला. "तीन. सदर व्यक्ती कामावर परतताच तिला कळवण्याची व्यवस्था... वहिनी, इथे 'लागू नाही' लिहितो."

"काही लिहू नकोस. थांब." वहिनी फोटोपुढे गेल्या. "अहो, कुलूप काढतोय. आलात तर आधी मला विचारा, मग कशाला हात लावा." आणि नंदकिशोरला म्हणाल्या, "कळवलं."

"आता किल्ली शोधावी लागेल."

वहिनींनी कमरेचा बटवा सोडला आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

सम्यक उडालाच. "आई! वर्षभर तुझ्याकडे होती?"

"किल्ली माझ्याकडे होती. कुलूप त्यांचं होतं."

कुलूप निघालं, फळी पुन्हा कड्यांना लागली. पण भीमराजच्या शाळेत तयार झालेला नंदकिशोर तेवढ्यावर ऐकणार थोडाच! त्याने वहिनींचं वजन विचारलं.

"कशाला?"

"त्याच्या दुप्पट भार लावून बघायचाय. फॉर्ममध्ये रकाना आहे."

"भाऊजींचं लिही," वहिनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "ते माझ्याहून जड आहेत. सुरक्षिततेच्या दृष्टीने बरं."

माझं वजन बारा साक्षीदारांसमोर नोंदवलं गेलं. त्याच्या दुप्पट म्हणून पाण्याचे वीस लिटरवाले नऊ जार सम्यकने घामाघूम होत फळीवर चढवले. पंधरा मिनिटं आम्ही सगळे छताकडे बघत उभे राहिलो. हूक केसभरही हलले नाहीत. वर्षभर संशयित म्हणून लटकलेले ते दोन्ही हूक निर्दोष सुटले.

वहिनी बसल्या. आधी दोन्ही हातांनी कड्या धरल्या, मग पायाने हळूच रेटा दिला. झोपाळा पुढे गेला, मागे आला. कड्या कुरकुरत होत्या, तेल भीमराजच्या यादीत पुढचं काम असणार.

दहा मिनिटांनी प्रियंका म्हणाली, "आई, आता मी?"

वहिनींनी नंदकिशोरकडून तो टॅग मागून घेतला. भीमराजच्या नावाखाली पेनाने स्वतःचं नाव लिहिलं आणि शेजारच्या कडीला अडकवला.

'काम चालू आहे,' आम्ही वाचलं. 'लावणाऱ्याशिवाय कुणीही काढू नये.'

"खीर घ्या सगळे," वहिनी झोका घेत म्हणाल्या. "आणि गरम आहे हां, फुंकून खा."

आम्ही बाराजणांनी ती उभ्याने, फुंकून खाल्ली.