किल्लीवाल्याच्या दारावरचं बिनकिल्लीचं कुलूप

मी एक जुनं कुलूप आहे, आणि मला किल्ली लागत नाही. म्हणजे एक आहे, अडीअडचणीची, पण तिचं तोंड मी आठ वर्षांत दोनदाच पाहिलं आहे. माझ्या अंगावर बोट टेकवायची छोटी काच आहे, तिच्याखाली दहा आकडे आहेत आणि पोटात चार सेल आहेत. दहापैकी पाच आकडे आता पार पुसून गेले आहेत. कोणते, ते विचारू नका. मित्रांनो, मी कुलूप आहे, चुगलखोर नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एक बाई दिवसभर आमची परीक्षा घ्यायच्या. बोट टेकवलं की दांडी आत, पुन्हा टेकवलं की दांडी बाहेर, असं पाचशे वेळा. माझ्या शेजारच्या कुलपानं साडेतीनशेच्या आतच मान टाकली आणि त्याला परत पाठवलं गेलं. मी पाचशे पुरे केले. त्या दिवशी मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. योग्य माणूस समोर आला की उघडायचं, उगाच अडून बसायचं नाही.

नंतर मी एका दुकानाच्या फळीवर येऊन बसलो. तिथे एके दिवशी दुपारी बाप-लेक आले. लेक शहरबसची ड्रायव्हर होती, अंगावर गणवेश तसाच होता. वडिलांना सगळे किल्लीवाले म्हणत, कारण त्यांनी चाळीस वर्षं चौकातल्या टपरीत लोकांना किल्ल्या करून दिल्या होत्या. आता टपरी बंद झाली होती आणि किल्लीवाले स्वतःच्या घराची किल्ली हरवू लागले होते. एका महिन्यात तीनदा. तिन्ही वेळा लेकीची ड्यूटी संपेपर्यंत ते जिन्याच्या पायरीवर बसून राहिले होते.

"किल्लीवाल्याच्या दाराला बिनकिल्लीचं कुलूप?" ते दुकानात म्हणाले. "लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"लोक नाही बसत तीन तास जिन्यात, बाबा. तुम्ही बसता."

दुकानदारानं आधी फोननं उघडणारं कुलूप दाखवलं. "फोनच कुठे ठेवला ते शोधत असतो मी," किल्लीवाले म्हणाले. मग कार्डाचं कुलूप निघालं. "म्हणजे हरवायला अजून एक वस्तू." मग माझी पाळी आली. लेकीनं बोट नोंदवायला टेकवलं आणि मी क्षणात हिरवा झालो. वडिलांनी टेकवलं आणि मी लाल झालो. अंगठा, तर्जनी, करंगळी, दोन्ही हातांची दहाही बोटं झाली, पण मला काही म्हणजे काही दिसेना. दुकानदारानं त्यांचा हात उजेडात धरला. बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत होती.

"चाळीस वर्षं कानस चालवलीय, साहेब," किल्लीवाले म्हणाले. "किल्ल्या घासता घासता रेघाही घासून गेल्या."

पाचशे वेळा पास झालेला मी, माझ्या पहिल्याच माणसापुढे नापास झालो. मला फार लाज वाटली. दुकानदार म्हणाला, बोटाचं राहू द्या, आजोबांना नंबर द्या. लेकीनं मला घेतलं ते त्या भरवशावर.

माझी बसवणी मात्र किल्लीवाल्यांनी स्वतः केली. तोंड वाकडं करून केली, पण केली अशी की कारखान्यातल्या बाईंनीही मान डोलावली असती. चौकटीतल्या पट्टीचं भोक अर्धं सूत लहान पडत होतं. त्यांनी ती काढली, कानशीनं घासली, पुन्हा बसवली आणि दांडी अलगद आत-बाहेर होईपर्यंत सोडली नाही. "आवडलं नाही म्हणून काय झालं," ते पुटपुटले, "काम म्हणजे काम." मला ते तेव्हाच आवडले.

आता त्या घरात काय अडलं होतं ते सांगतो. लेकीला लांब पल्ल्याची गाडी मिळाली होती. दोन दिवस बाहेर, एक दिवस घरी. सहा वर्षं ती त्यासाठी अर्ज करत होती. हो की नाही, ते महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं. आणि बाबा एकटे घरात आत-बाहेर करू शकत नसतील तर तिला नाही म्हणावं लागणार होतं. थोरल्या मुलाचा दुसऱ्या शहरातून दर रविवारी फोन यायचा. "त्यांना माझ्याकडे आणून सोड," तो म्हणायचा. किल्लीवाले खुर्चीत बसून सगळं ऐकायचे आणि ऐकू न आल्यासारखं करायचे.

पण नंबर काही त्यांच्या डोक्यात टिकेना. घराचा नंबर ठेवला, तो लेकीच्या बसच्या नंबरात मिसळला. लेकीची जन्मतारीख ठेवली, तर चौथ्या दिवशी ते माझ्यासमोर बोट अधांतरी धरून उभे राहिले.

"माझा वाढदिवस विसरलात, बाबा?"

"वाढदिवस आहे लक्षात. साल नाही."

लेक हसली, पण आत जाऊन तिनं नव्या गाडीच्या होकाराचा कागद टेबलाच्या खणात टाकला. ते किल्लीवाल्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. खण बंद झाल्याचा आवाज मला अजून आठवतो.

त्या संध्याकाळी ते माझ्याआधीचं जुनं कुलूप मांडीवर घेऊन दारापाशी बसले. हातात किल्ली नव्हती, ती केव्हाच हरवली होती. पण उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवरून पुढे-पुढे सरकत होता आणि तोंडानं ते काहीतरी मोजत होते. पाच आकडे. पुन्हा तेच पाच.

"काय म्हणताय?" लेकीनं विचारलं.

"आपल्या किल्लीच्या खाचा. एक म्हणजे नुसता ओरखडा, नऊ म्हणजे पार कण्यापर्यंत. तुझी आई या घरात आली त्या दिवशी कापली होती मी ती. हरवली कुठेतरी, पण मला पाठ आहे."

"परत म्हणा."

ते परत म्हणाले. लेक उठली आणि तिनं तेच पाच आकडे माझ्यात घातले. मग दार ओढून घेऊन ती वडिलांसह बाहेर उभी राहिली. किल्लीवाल्यांनी डोळे मिटले, अंगठा एकदा तर्जनीवरून फिरवला आणि आकडे दाबले. मी उघडलो. त्यांनी दार लावून पुन्हा दाबले, मी पुन्हा उघडलो. वीस वेळा झालं, मी मोजलं आहे. विसाव्या वेळेला ते लेकीला म्हणाले, "काढ तो कागद खणातून. माझ्या बोटांपायी तुझी गाडी अडणार नाही."

तिनं होकार कळवला. अडीअडचणीची किल्ली वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका बाईंकडे ठेवली, आणि ते बरंच केलं. घरातल्या खणात ठेवली असती तर बाहेर अडकलेल्याला तिचा काय उपयोग? मग ती पहिल्या फेरीवर निघाली.

आता किल्लीवाल्यांनी काय केलं ते ऐका. माझी त्यांना माया वाटू लागली होती, आणि किल्लीवाल्याची माया किल्लीवाल्यासारखीच असणार. चाळीस वर्षं त्यांनी अडखळणाऱ्या कुलपांत तेल कधी घातलं नाही, कारण तेलाला धूळ चिकटते. ते पेन्सिलीचं शिसं घासून त्याची पूड घालत. लेक गेली त्या दिवशी त्यांनी तीच पूड ब्रशनं माझ्या आकड्यांच्या कडांतून चांगली जिरवली. "आता कसा लोण्यासारखा चालशील," म्हणाले. जुन्या कुलपाला ते औषधच होतं. पण माझ्या पोटात तारा आहेत आणि शिशातून वीज धावते, हे त्यांना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दूध आणि अंडी घेऊन परत आले. आकडे दाबले. मी लाल झालो. मित्रांनो, त्यांनी बरोबर दाबलं होतं. पण तिसरा आकडा दाबला की पूड शेजारच्या आकड्यालाही जागं करायची, आणि मला पाचाच्या जागी सहा आकडे ऐकू यायचे. पुन्हा दाबले, पुन्हा लाल. पाच वेळा चुकलं की मला दहा मिनिटं तोंड मिटून घ्यावं लागतं, तसा नियमच आहे. मी मोठ्यानं किंचाळलो आणि गप्प झालो. माझं सगळं शिक्षण त्या एका किंचाळीत वाया गेल्यासारखं वाटलं.

आवाज ऐकून बाई खाली आल्या. हातात ती किल्ली होती. "घ्या, उघडा."

"नको."

"अहो, नको काय? दूध नासेल."

"नासू दे. आज तुम्ही आहात. परवा तुम्ही बहिणीकडे जाणार. मग?"

"लेकीला फोन करू?"

"अजिबात नाही. घरी काही अडलंय म्हटलं की ती हातची गाडी सोडून देईल. ओळखतो मी तिला." ते पायरीवर बसले. त्याच पायरीवर, जिथे ते तीनदा हरून बसले होते. पण आज त्यांची पाठ ताठ होती. "ही किल्ली मी हरलो तर. अजून हरलो नाही."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि आपली बोटं पाहिली. टोकं काळी झाली होती. मग माझ्याजवळ आले, इतके जवळ की त्यांचा श्वास काचेवर उमटला. आकड्यांच्या कडांत करडी चमक होती. त्यांनी कपाळावर हात मारला.

"शिसं! मीच घातलं की रे तुला."

बाईंनी कापूस आणि स्पिरिट आणून दिलं. काडीला कापूस गुंडाळून त्यांनी एकेक कड पुसायला घेतली. दहा मिनिटांची शिक्षा केव्हाच संपली होती, तरी त्यांनी घाई केली नाही. एक काडी काळी झाली की दुसरी. बाई दोनदा वर जाऊन आल्या. तासाभरानं पूड निघाली. तरी ते थांबले, स्पिरिट वाळू दिलं, बोटं रुमालाला पुसली. मग अंगठा तर्जनीवरून फिरवला आणि पाच आकडे दाबले.

मला पाचच ऐकू आले. पाचशे वेळा शिकलेलं सगळं बळ लावून मी दांडी आत ओढली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. झालेलं सांगितलं नसतं तर तिला कळलंही नसतं. बाई काही बोलणार नव्हत्या आणि मी तर नाहीच नाही. पण किल्लीवाल्यांनी सगळं सांगितलं. "कुलूप चांगलं आहे," ते म्हणाले. "चूक माझी होती." मित्रांनो, दार उघडलं नाही की शिव्या कुलपालाच बसतात. माझ्या वाटची शिवी कुणीतरी आपणहून स्वतःकडे घेतली, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

मग लेक म्हणाली, "पण आत गेलात ना?"

"गेलो. माझ्या हातानं."

"मग मी ठरल्याप्रमाणे उद्या येते."

ती आली तेव्हा किल्लीवाल्यांनी तिच्यासाठी एक वस्तू करून ठेवली होती. कोऱ्या पितळी किल्लीवर त्यांनी त्याच पाच खाचा कापल्या होत्या. "कुठलंच दार उघडत नाही ही," ते म्हणाले, "पण तुझ्या जुडग्यात असू दे." मग त्यांनी तिचा अंगठा धरून खाचांवरून फिरवला आणि कुठली किती खोल ते शिकवलं. ती कंटाळली, तरी तिनं शिकून घेतलं.

पुढे वर्षं सरली. माझं कौतुकही झालं आणि हेळसांडही. एकदा सेल संपत आले म्हणून मी तीन आठवडे कुईकुई करत होतो. सगळ्यांना वाटलं, कुठेतरी पाखरू ओरडतंय. शेवटी मी निपचित पडलो आणि बाईंच्या किल्लीनं उघडलो गेलो. तेव्हापासून घरात सेल बदलायची तारीख दाराच्या मागे लिहिलेली असते. समोरच्या घराला आता चेहरा ओळखणारं नवं कुलूप आलं आहे. सकाळी घरधनी दाढी करून आले की ते गोंधळतं. मी काही बोलत नाही.

माझे पाच आकडे किल्लीवाल्यांच्या बोटांनी पुसले, आणि त्यांची बोटं किल्ल्यांनी पुसली होती. आमची फिटंफाट झाली. आता ते फार थकले आहेत. कान गेले आहेत, जिना उतरवत नाही, दिवसभर दारासमोरच्या खुर्चीत बसतात.

गेल्या महिन्यात लेक फेरीवरून आली ती उजव्या हाताला बँडेज बांधून. गरम इंजिनाला हात लागला होता. माझ्यात तिचं उजव्या हाताचंच बोट आहे, आणि ते पट्टीत गेलेलं. फोन बंद पडलेला, बाई गावाला गेलेल्या. बेल वाजवली, पण आत ऐकणार कोण? नंबर तिनं कित्येक वर्षांत दाबला नव्हता, आणि आकडे पाहून आठवावा म्हटलं तर नेमके तेच पाच पुसून गेलेले, कुठला आधी ते कसं कळणार? ती त्या पायरीवर जाऊन बसली. मी आतून तडफडत होतो. योग्य माणूस समोर होतं आणि मला उघडता येत नव्हतं.

मग तिनं डाव्या हातानं जुडगा काढला. पितळी किल्ली शोधली आणि डोळे मिटले. अंगठा हळूहळू खाचांवरून फिरला. उठली, पुसल्या आकड्यांच्या जागा बोटानं मोजल्या आणि एकेक करून पाच वेळा दाबलं.

मी उघडलो.

किल्लीवाले खुर्चीत दचकून जागे झाले. "कोण? कसं उघडलं?"

लेकीनं त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "तुमच्या किल्लीनं, बाबा."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझे सेल वेळेवर बदला, काच आणि आकडे कोरड्या फडक्यानं पुसा, जादाची किल्ली घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. आणि तुमच्या घरातल्या कुणाचं बोट यंत्राला दिसलं नाही, तर त्या बोटाला दोष देऊ नका. ते आयुष्यभर कुठल्या कामात झिजलं ते आधी विचारा. माझ्यापुरतं सांगतो. पोटात सेल आहेत तोवर त्या गुळगुळीत बोटांसाठी मी उघडणारच.