‘या’ म्हणायचं न्हाई

कौसल्याचे डोळे पोथीत होते, कान दाराकडे. अध्याय संपेपर्यंत आसन सोडायचं नाही, बोलायचं नाही, असा तिचा नेम. आणि नेमके आज भर दुपारी भुजंगराव दारात येऊन उभे!

नवऱ्याचे, सोमेश्वरचे, हे थोरले भाऊ. बांधावरून दोघा भावांचं बिनसलं तेव्हा अंगद पोटात होता. त्यानंतर आजच ते बदनापूरच्या या घराकडे वळले होते. ते वळावेत म्हणूनच तर तिची पोथी चालली होती.

"कोणी हाये का घरात?"

"मी हाये," अंगद म्हणाला आणि दार अडवून उभा राहिला.

कौसल्याच्या ध्यानात आलं. काल लेकीनं, अर्पितानं, शाळेतून रक्तपिशाच्चाचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. तिचं वय तेराचं, तिला मानेवरचे चावे पाहिजेत. सहा वर्षांच्या भावाला मात्र तिनं बेतानंच सांगितलं: तो उंच असतो, ओठ लालभडक, उन्हात जळतो, पण आपण ‘या’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.

भुजंगराव उंच. तोंडात कायम पान. मोतीबिंदू काढलेला, म्हणून डोळ्यांवर काळा चष्मा.

"आत या म्हणशील का न्हाई रं?"

"न्हाई म्हणणार. तुम्ही उन्हात कसे काय आले? जळले न्हाई का?"

"मी कशाला जळू?" भुजंगरावांचा आवाज चढला. "कोणी शिकवलं हे? बापानं?"

"ताईनं. तुम्हाला घरात घ्यायचंच न्हाई, म्हणली."

पायरीवरून उतरणाऱ्या चपला वाजल्या.

थोड्याच ओव्या राहिल्या होत्या. उठावं तर नेम मोडतो, बसावं तर माणूस जातो. कौसल्यानं दोन ओव्या भराभर वाचल्या, एक अक्षर कळलं नाही. फाटकाची कडी वाजली.

ती उठलीच.

"दादा! या ना आत. मी पोथीला बसल्ते. लेकरानं तुम्हाला गोष्टीतलं भूत समजलं हो."

भुजंगराव थांबले, पण वळले नाहीत. "सोमेश्वर म्हणंल का ‘या’?"

"ते मला न्हाई सांगता यायचं. मी म्हणून राह्यले ना."

ते सावकाश मागं आले. उंबरा ओलांडला तसा अंगद तिच्या पदराआड शिरला. "आई, म्हणलीस ना तू! आता बघ!"

भुजंगराव खुर्चीच्या कडेवर टेकले, उठायच्या बेतात असल्यासारखे. तेवढ्यात बाहेर सोमेश्वरची मोटरसायकल थांबली. पाण्याचा तांब्या घेऊन कौसल्या दारातच, दोघा भावांच्या मधे, उभी राहिली.