झाडाच्या घेराएवढा दोर

आवळून धरण्यात जन्म गेला, आज जरा सैल बोलतो. मी मोळीचा दोर. जंगल राखणाऱ्या गावसमितीनं मला वळलं, वेशीजवळच्या सर्वांत जुन्या झाडाभोवती गुंडाळलं आणि त्याच्या घेराएवढं कापलं. माझ्यात मावेल तेवढंच वाळकं जळण प्रत्येक घरानं आठवड्याला न्यायचं, असा नियम. वर्षातून एकदा झाड पुन्हा मोजायचं. ते वाढलं की मला जोड मिळे आणि सगळ्यांची मोळी वाढे.

माणसांची गंमत बघा. स्वतःची मोळी मापताना प्रत्येकाला मी आखूड वाटायचो, शेजाऱ्याची मापताना लांब.

तीन वर्षांपूर्वी मोजणीला माझी टोकं एकमेकांवर चढली. झाड चार बोटं बारीक झालं होतं. मला कापलं. पुढच्या वर्षी आणखी वीतभर कापलं. पानं हिरवीगार, साल धड, आणि खोड मात्र बारीक. लोक त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं टाळू लागले.

मला कळलं होतं. मला गुंडाळताच साल हलकेच आत जायची. शिंप्यासमोर माणसं पोट आत घेतात, तसं ते श्वास धरून उभं राहायचं. मोजून झालं तरी सोडायचं नाही. माझी पाचावर धारण बसली, पण सांगणार कुणाला?

मोळी लहान झाली तसा कुंभारणीचा जीव टांगणीला लागला. नवरा गेल्यापासून सासू आणि दोन मुली तिच्या भट्टीवर जगत होत्या. महिन्याला लागणारी भट्टी आता दोन महिन्यांनी पेटू लागली.

यंदाच्या मोजणीत माझा हातभर तुकडा जादा उरला. समितीच्या प्रमुख मोठीआई म्हणाल्या, झाड आतून पोखरलंय, कुणाच्या अंगावर पडण्याआधी पाडून लाकूड वाटू. सर्वांत मोठा वाटा कुंभारणीला द्यायचं ठरलं. करवत कुठं लावायची त्याची खूण म्हणून मला खोडाला घट्ट बांधलं. करवतवाल्यानं सालीवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला.

तेवढ्यात कुंभारीण पुढे आली.

"मोठीआई, थांबा. ते पोखरलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी माझी भट्टी अर्धवट राहत होती, तेव्हा मी याची ओली फांदी तोडली. तोडल्या जागी माती लिंपली. तेव्हापासून माणूस जवळ आलं की ते अंग चोरतं. मी रोज बघते."

कुणी हसलं नाही. ओलं लाकूड तोडणाऱ्याची मोळी वर्षभर बंद, हे तिलाही ठाऊक होतं.

"मग भट्टीचं काय करशील?" मोठीआईंनी विचारलं.

"बंद राहील."

तिनं खोडावर तळहात टेकला. वारा नव्हता, तरी शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एक लांब उसासा उतरला. साल माझ्यावर चढत आली. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून धरलं, मग तुटलो.

नवा दोर माझ्या दुप्पट आहे. सगळ्यांच्या मोळ्या भरगच्च झाल्या, तिची तेवढी बंद आहे. मी बुंध्याशी तुकडे होऊन पडलोय. ती रोज सकाळी येते, झाडावर हात ठेवते आणि जाते. शिक्षेचे अजून सात महिने उरलेत. पोरींना घेऊन कामासाठी दुसरीकडे जायचं म्हणते.

बाबांनो, तिला जाऊ देऊ नका. काल ती आली नाही, आणि मला टेकलेली साल पुन्हा आत गेली.